कोरल टँकसाठी ट्यूबचा रंग : एटीआयच्या टी-फाइव्ह ट्यूबांचे परीक्षण

एलईडीचा बोलबाला असतानाही खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणाऱ्यांमध्ये टी-फाइव्ह, म्हणजे बारीक फ्लुरोसंट ट्यूब अजून टिकून आहेत, कारण लांब नळीतून येणारा प्रकाश टँकभर सारखा पसरतो आणि कोरलच्या, म्हणजे प्रवाळाच्या फांद्यांखाली गडद सावल्या पडत नाहीत. एटीआय या जर्मन कंपनीच्या ट्यूबा या वर्गात अनेक वर्षे वापरल्या जात आहेत. चार फुटी टँकवर ५४ वॉटच्या चार ट्यूबांची पट्टी असेल, तर त्यात कोणत्या रंगाच्या किती ट्यूबा लावाव्यात, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

दुकानात पहिला प्रश्न ‘किती केल्विनची देऊ?’ असा येतो. गोड्या पाण्यातील वनस्पतींसाठी ६,५०० आणि कोरलसाठी १०,०००, १४,००० किंवा २०,००० हे आकडे सर्वांच्या तोंडी असतात. परंतु हा आकडा प्रकाश डोळ्यांना कसा भासतो ते सांगतो, त्यात कोणत्या तरंगलांबीचा किती वाटा आहे ते सांगत नाही. त्यामुळे एकच आकडा छापलेल्या दोन ट्यूबांखाली एकच कोरल निरनिराळे दिसू शकते. कोरलच्या पेशींत राहणारी झूझँथेली ही सूक्ष्म शैवले हरितद्रव्य आणि पेरिडिनिन या रंगद्रव्यांच्या साहाय्याने मुख्यतः निळा प्रकाश टिपतात, आणि समुद्रातही लाल प्रकाश वरच्या काही मीटरांतच शोषला जाऊन खोलवर निळाच पोचतो. म्हणून खोक्यावरील केल्विनपेक्षा वर्णपटाचा आलेख पाहणे अधिक उपयोगाचे. सजावटीच्या दुकानातील रंगीत निळी ट्यूब मात्र या हिशेबात मोजूच नये. पांढऱ्या प्रकाशावर निळे आवरण चढवले की त्यातील निळा वाढत नाही, बाकीचा प्रकाश तेवढा कमी होतो.

एटीआयची ‘ब्लू प्लस’ ही या संचातील मुख्य ट्यूब आहे. तिचा भर ४५० ते ४६० नॅनोमीटरच्या आसपास असून शैवलांना लागणारा प्रकाश आणि कोरलमधील प्रतिदीप्त (निळा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगात उजळणाऱ्या) प्रथिनांची चमक या दोन्ही गोष्टी तिच्यामुळे साधतात. झोअँथस या बटणासारख्या कोरलसदृश जीवाच्या पॉलिपांची (फुलासारख्या तोंडांची) हिरवी आणि नारिंगी वलये तिच्याखाली उठून दिसतात. चारही ट्यूबा ‘ब्लू प्लस’ लावल्या तरी कोरल वाढतील. मात्र मासे फिके पडतील, वाळू निळी दिसेल आणि समोर बसून टँक पाहणारा माणूस थोड्या वेळात कंटाळेल. टँक आपण पाहण्यासाठीच ठेवतो, तेव्हा ही तक्रार क्षुल्लक नाही.

येथे ‘कोरल प्लस’ कामी येते. हिचा वर्णपट रुंद असून प्रकाशाला पांढुरका, किंचित जांभळट रंग आहे. तीन ‘ब्लू प्लस’ आणि एक ‘कोरल प्लस’ हा मेळ रीफ टँकच्या जगात सर्वाधिक रुळलेला आहे, आणि माझ्या मते तो योग्यच आहे : पाणी निळसर राहते, तरी माशांचा पिवळा आणि नारिंगी रंग खरा वाटतो. ज्यांना दुपारच्या उथळ समुद्रासारखा उजेड हवा असेल, त्यांनी दोन-दोनचा मेळ करावा. पट्टीला दोन स्वतंत्र बटणे असतील, तर ‘कोरल प्लस’ मधल्या तासांत लावून सकाळ-संध्याकाळ केवळ निळ्या ट्यूबा ठेवता येतात.

‘पर्पल प्लस’ लाल आणि गुलाबी रंग उठावदार करते, पण चारांच्या पट्टीत तिला जागा देणे मला पटत नाही. सहा किंवा आठ ट्यूबांच्या पट्टीत एक अवश्य असावी. ४२० नॅनोमीटरची ‘ट्रू अ‍ॅक्टिनिक’ डोळ्यांना मंद दिसते आणि चारांतील एक जागा अडवते, म्हणून ती केवळ हौसेची.

रंग ठरला तरी तीव्रता उरतेच. मशरूम आणि लेदर कोरलना साधारण ५० ते १५० पार (वाढीला उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचे माप) पुरतो, तर अ‍ॅक्रोपोरासारख्या जातींना २०० ते ३५० लागतो. रंगांचा मेळ कितीही उत्तम असला तरी पट्टी फार उंच टांगली तर तो वाया जातो. उलट प्रकाश एकदम वाढला तर कोरल आपली शैवले बाहेर टाकून पांढरे पडते. यासाठी ट्यूबा एकाच दिवशी सर्व न बदलता काही आठवड्यांच्या अंतराने एकेक बदलावी.

कोरल विकत घेताना दुकानदाराला पांढरा दिवा लावायला अवश्य सांगावे, कारण केवळ निळ्या प्रकाशात सामान्य तुकडाही झगमगतो. मालवणच्या समुद्रात डोके बुडवून पाहिलेले प्रवाळ बहुतांशी तपकिरी, पिवळसर असतात, आणि तो रंग शैवलांचा, म्हणजे आरोग्याचाच असतो. भारतीय समुद्रातील दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे, हेही खरेदीपूर्वी ध्यानात असावे.

या ट्यूबा साध्या ट्यूबांहून बऱ्याच महाग आहेत आणि ९ ते १२ महिन्यांत बदलाव्या लागतात, कारण जळत असल्या तरी त्यांचा प्रकाश घटतो आणि रंगही सरकतो. बंद पट्टीत उष्णता साचली तर हे अधिक लवकर घडते, म्हणून पंखा असलेली पट्टी घ्यावी आणि चोक टी-फाइव्हच्या वॉटला जुळणाराच असावा. जुन्या झालेल्या ट्यूबांतही पारा असतो. त्या घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलन केंद्रात द्याव्यात.