डेबेझियम वापरून वर्ष झालं, त्याबद्दल थोडं

डेबेझियम म्हणजे डेटाबेसमधले बदल टिपून दुसरीकडे पाठवणारं साधन. ते येण्याआधी आमची एक स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी चालायची. 'अपडेटेड ॲट' कॉलम बघायचा, बदललेल्या ओळी उचलायच्या, रिपोर्टिंगच्या डेटाबेसमध्ये टाकायच्या. गोम एकच: डिलीट झालेली ओळ तिला दिसायचीच नाही. ओळच उरली नाही तर तिची वेळ कुठून बघणार? काढून टाकलेल्या ऑर्डरी रिपोर्टमध्ये ठाण मांडून बसायच्या आणि महिनाअखेरीला अकाउंट्सवाले माझ्या डोक्यावर.

डेबेझियम टेबलांना सारखं विचारत बसत नाही, डेटाबेसचा लॉगच वाचतं, म्हणजे प्रत्येक बदलाची तो स्वतः ठेवतो ती नोंदवही. मायएसक्यूएलचा बिनलॉग, पोस्टग्रेसचा वॉल. पोस्टग्रेस 10 पासून त्यासाठी लागणारं, वॉलमधले बदल बाहेर देणारं पीजीआउटपुट प्लगइन आतच असतं, त्यामुळे आम्ही वॉल लेव्हल 'लॉजिकल' केली, सर्व्हर एकदा रीस्टार्ट केला आणि झालं. सुरुवातीला डेबेझियम सगळ्या टेबलांचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची पूर्ण प्रत, घेतं, मग एकेक बदल काफ्कात (संदेशांची रांग सांभाळणाऱ्या प्रणालीत) येऊन पडायला लागतो. पहिला डिलीट स्क्रीनवर आला तेव्हा मी शेजारच्याला हाक मारून दाखवला.

कुरकुरही आहे. अपडेटच्या इव्हेंटमध्ये 'बिफोर', म्हणजे बदलाआधीची ओळ, रिकामं! अर्धा दिवस कनेक्टरला, म्हणजे डेबेझियमच्या लॉग वाचणाऱ्या भागाला, बोल लावले. दोष टेबलाच्या रेप्लिका आयडेंटिटीचा, म्हणजे जुन्या ओळीतलं किती लॉगमध्ये लिहायचं त्या सेटिंगचा, निघाला. ती 'फुल' केली की जुनी ओळ पूर्ण मिळते, पण वॉलही फुगतो. म्हणून फक्त दोन टेबलांना केली. रकमेचे कॉलम मूळ सेटिंगमध्ये बेस-64 च्या गिचमिडीत येतात. तिथे 'स्ट्रिंग' निवडायचं. आणि कनेक्टर अचानक बंद पडून उठला की तोच बदल दोनदा येऊ शकतो, तेव्हा पलीकडे प्रायमरी की बघून अपसर्ट करा (ओळ असेल तर बदला, नसेल तर घाला), नुसतं इन्सर्ट नको.

आता माझा गाढवपणा. एका शुक्रवारी संध्याकाळी काफ्काच्या कामासाठी कनेक्टर थांबवला आणि तसाच घरी गेले. वाचणारा नसला तरी रेप्लिकेशन स्लॉट, म्हणजे तो लॉगमध्ये कुठवर आला याची पोस्टग्रेसमधली खूण, आपली जागा सोडत नाही. 16 एमबीच्या वॉल फाइली पोस्टग्रेस एकावर एक रचत राहिलं. सोमवारी सकाळी मूळ डेटाबेसची डिस्क 97 टक्के! कनेक्टर चालू केला, तासाभरात उतरली, पण तो तास मी खुर्चीत बसले नाही. पोस्टग्रेस 13 पासून स्लॉटसाठी किती वॉल राखायचा याला मर्यादा घालता येते. मर्यादा ओलांडली तर स्लॉट बाद होतो आणि स्नॅपशॉट पुन्हा. तरी मी ती घातली. स्लॉट किती मागे आहे याचा अलर्टही लावला, खरं तर तो पहिल्याच दिवशी लावायचा होता.

पाचपैकी चार देईन. पण तुम्हाला एका पोस्टग्रेसमधून दुसऱ्या पोस्टग्रेसमध्येच चार टेबलं न्यायची असतील तर काफ्काचं एवढं लटांबर घेऊ नका. त्या कामासाठी पब्लिकेशन आणि सबस्क्रिप्शन पोस्टग्रेसमध्ये आयतंच आहे. फक्त टेबलात नवा कॉलम घातलात, तर पलीकडेही तो आपल्या हातानेच घालावा लागतो.