जुन्या हिमालयन ४११ वर खर्च कुठे करावा? खान्देशात फिरणाऱ्यांसाठी तुलना

रॉयल एनफील्डची हिमालयन ४११ ही २०१६ ते २०२३ या काळातली गाडी. नवी ४५० आल्यापासून जुन्या ४११ जळगाव-धुळ्याच्या सेकंड हँड बाजारात बऱ्यापैकी दिसू लागल्या आहेत. घेणाऱ्यांचे प्रश्नही ठरलेले असतात: पेट्या लावू की बॅगा, टायर कोणते टाकू, लाईट किती वॉटचे? लडाखच्या हिशेबाने दिलेली उत्तरं सगळीकडे मिळतात. पण आपली गाडी वर्षातले बहुतेक दिवस भुसावळच्या उन्हात, काळ्या मातीच्या शिवाररस्त्यांवर, तोरणमाळच्या घाटात आणि सुरत-नागपूर हायवेवरच्या ट्रकांमध्ये चालणार आहे. म्हणून हा हिशेब इथल्या रस्त्यांचा.

आधी गाडी, मग दागिने

जुन्या गाडीवर जेवढे पैसे घालायचे ठरवले असतील, त्यातले निम्मे गाडीच्या तब्येतीसाठी बाजूला काढा. ॲक्सेसरीजच्या मोहात हेच राहून जातं आणि नंतर प्रवासात नडतं.

या गाडीत मी सगळ्यात आधी कोन सेट बघतो, म्हणजे हँडलच्या दांड्याचे बेअरिंग. ४११ ला मेन स्टँड कंपनीचाच आहे, त्यामुळे तपासणी सोपी. गाडी मेन स्टँडवर घ्या, एकाला मागे कॅरिअरवर दाब द्यायला सांगा, पुढचं चाक जमिनीवरून उचललं की हँडल दोन बोटांनी सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवा. मधोमध आल्यावर हँडल खळग्यात बसल्यासारखं अडकत असेल तर बेअरिंगच्या वाट्यांना खड्डे पडले आहेत. मग चाक खालून धरून पुढे-मागे हलवा. ‘टक’ असा आवाज आला तर सेट सैल आहे. बदलायचाच असेल तर दोन पर्याय आहेत, पुन्हा कंपनीचा गोळ्यांचा सेट किंवा टेपर रोलर बेअरिंग. गोळ्यांचा सेट स्वस्त आणि चटकन बसतो. टेपरमध्ये भार गोळीच्या टोकाऐवजी रोलरच्या पूर्ण लांबीवर पसरतो, त्यामुळे खडीच्या रस्त्यावर तो जास्त टिकतो. सातपुड्यात नेमाने जाणार असाल तर टेपरच टाका. मजुरी दोन्हीला जवळपास तेवढीच लागते.

त्यानंतर चेन-स्प्रॉकेट, मागच्या शॉकअपच्या लिंकेजचं ग्रीसिंग, पुढच्या शॉकअपची ऑईल सील आणि ब्रेक पॅड. क्लच केबल जुनी असेल तर नवी टाका आणि जुनी चांगली असली तर ती सीटखाली ठेवून द्या. पेट्रोलच्या रबरी नळ्याही बघून घ्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या गाड्यांचे रबरी भाग त्यासाठी बनवलेले नव्हते. नळी कडक झाली असेल किंवा तिला चिरा पडल्या असतील तर बदला.

गाडी अजून घ्यायचीच असेल तर मॉडेलचाही विचार करा. बीएस म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे सरकारी निकष, आकडा मोठा तितके कडक. २०१६ च्या बीएस-३ गाड्या कार्ब्युरेटरच्या. धडगाव-मोलगीकडचा कोणताही मेकॅनिक कार्ब्युरेटर खोलून साफ करून देईल. २०१७ पासून आलेल्या बीएस-४ गाड्यांना फ्युएल इंजेक्शन आहे, म्हणजे पेट्रोल सेन्सरच्या हिशेबाने आत सोडलं जातं. सकाळी चटकन स्टार्ट होतात आणि उंचीवरही नीट चालतात, पण सेन्सर बिघडला तर शहर गाठावं लागतं. २०२० च्या बीएस-६ मध्ये मागच्या चाकाचं एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी सोय) बटणाने बंद करता येतं. मुरमाच्या उतारावर ही फार कामाची सोय आहे. एबीएस चालू असलं तर सुट्या खडीवर मागचा ब्रेक लागतो-सुटतो आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते. माझी पसंती बीएस-६ ला.

ॲल्युमिनियमच्या पेट्या की कापडी बॅगा

सगळ्यात जास्त पैसे इथे जातात, म्हणून इथे थोडं थांबू.

पेटीला कुलूप लागतं, पावसाचं पाणी आत जात नाही आणि गाडी हॉटेलबाहेर उभी करून भरीत-भाकरी खायला निवांत बसता येतं. कॅमेरा, लॅपटॉप घेऊन फिरणाऱ्याला पेटीशिवाय पर्याय नाही. हायवेवर जोडीने लांबचा प्रवास करणाऱ्यांसाठीही पेट्या उत्तम.

पण वजन बघा. दोन पेट्या आणि लोखंडी रॅक मिळून रिकाम्याच अंदाजे बारा-पंधरा किलो होतात. बीएस-६ गाडी मुळात १९९ किलोची, तिची ताकद सुमारे २४ पीएस आणि टॉर्क ३२ न्यूटन मीटर. मागे माणूस, पेट्यांत सामान आणि समोर चांदसैली घाटाची चढण असली की प्रत्येक किलो दुसऱ्या गिअरवर जाणवतो. कापडी बॅगांची जोडी, साध्या आधाराच्या रॅकसकट, याच्या निम्म्याहूनही कमी वजनात बसते.

दुसरी गोष्ट रुंदीची. पेट्या लावल्या की गाडी हँडलपेक्षाही रुंद होऊ शकते. रावेर-सावद्याकडे केळीची वाहनं, शहाद्याकडे उसाच्या ट्रॉल्या आणि कापसाच्या हंगामात दोन्ही बाजूंनी फुगलेल्या गाड्या. हँडल निघालं म्हणजे गाडी निघाली, हा अंदाज पेट्या लावल्यावर चालत नाही.

तिसरी गोष्ट पडण्याची, आणि माझं मत खरं तर यावरच ठरतं. कच्च्या रस्त्यावर गाडी हळू वेगात आडवी होणं नेहमीचं आहे. पाय खाली टेकवावा आणि तो मागून येणाऱ्या पेटीच्या कडेखाली सापडावा, हा घोटा मोडायचा सरळ मार्ग. कापडी बॅग दबते, पेटी दबत नाही. वर पेटी एकदा चेपली की झाकण नीट बसत नाही आणि पाणी आत जातं, म्हणजे जिच्यासाठी पैसे मोजले ती सोयच गेली.

बॅगेचेही तोटे आहेत. ब्लेडने कापता येते. आतलं वॉटरप्रूफ अस्तर वेगळं घ्यावं लागतं. आणि ४११ चा सायलेन्सर उजवीकडे वर उचललेला असल्याने त्या बाजूला उष्णतेची पत्र्याची ढाल हवीच, नाहीतर बॅगेचा तळ वितळतो. मे महिन्यात तर ढाल असूनही मधे थांबून हात लावून बघा.

तोरणमाळ, पाल, धडगाव, पाटणादेवी अशा फिरण्याला बॅगा घ्या. महिन्या-दोन महिन्यांनी मुंबई, इंदूर, सुरत करणाऱ्याने पेट्या घ्याव्यात. दोन्हींचं मिश्रण म्हणून लोक बाजूला बॅगा आणि मागे टॉप बॉक्स लावतात. तिथे एक आकडा ध्यानात ठेवा. ४११ चा व्हीलबेस, म्हणजे दोन्ही चाकांच्या एक्सलमधलं अंतर, १४६५ मिलिमीटर आहे. २५ किलोचा टॉप बॉक्स मागच्या एक्सलच्या ३५ सेंटिमीटर मागे बसला तर मागच्या चाकावर ३१ किलो येतात आणि पुढच्या चाकावरचे ६ किलो कमी होतात. तेच २५ किलो एक्सलच्या थोडे पुढे, बाजूच्या बॅगांत ठेवले तर पुढच्या चाकावर उलट भार वाढतो. हायवेवर ट्रकच्या वाऱ्याने हँडल थरथरतं त्याचं एक कारण टॉप बॉक्समुळे पुढचं चाक हलकं होणं हेच असतं. टॉप बॉक्समध्ये रेनकोट, जर्किन, खाऊ एवढंच ठेवा. दुरुस्तीची हत्यारं आणि पाणी खाली बाजूच्या बॅगांत.

रॅक रेडिमेड घ्यावा की एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घ्यावा? आपल्याकडे चांगले कारागीर आहेत आणि काम स्वस्तात होतं. बनवून घेणार असाल तर दोन अटी घाला. रॅक गाडीच्या मूळ बोल्टांवरच बसला पाहिजे, चेसिसला वेल्डिंगचा एक टिपकाही नको. आणि वेल्डिंग गाडीपासून रॅक काढून करायचं. गाडीवरच करंट सोडला तर इंजेक्शनच्या गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, जाऊ शकतो. या अटी मान्य असतील तर मी स्थानिक रॅकच्या बाजूने आहे. तो वाकला तर कुठल्याही तालुक्याच्या गावी सरळ करता येतो.

टायर

पुढे ९०/९०-२१, मागे १२०/९०-१७. हे माप बदलू नका. प्रश्न फक्त नक्षीचा आहे.

नॉबी टायर, म्हणजे जाड ठोकळ्यांच्या खोल नक्षीचे, मुरमावर, सुट्या खडीवर आणि नदीच्या वाळूत खात्रीने पकड देतात. चौपदरी हायवेवर ते गुणगुणतात, लवकर झिजतात आणि ओल्या डांबरावर ब्रेक मारताना भरवसा कमी देतात. मूळचा सिएट ग्रिप एक्सएल किंवा त्याच जातीचा मध्यम नक्षीचा टायर दोन्हीकडे बरा चालतो.

पावसाळ्यात शेतरस्त्याने जायचं म्हणून नॉबी घेणाऱ्यांना मात्र थांबवावंसं वाटतं. भिजलेल्या काळ्या मातीत कोणताही टायर काम करत नाही. ती खाचांमध्ये भरते, चार फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो आणि मग चिखल पुढच्या खालच्या मडगार्डमध्ये कोंबला जाऊन चाकच अडतं. तिथे नॉबीपेक्षा एक काम जास्त उपयोगी पडतं: खालच्या मडगार्डखाली वायसर घालून तो थोडा वर घ्या, चाकाला मोकळी जागा मिळेल. मडगार्ड काढून टाकू नका, नाहीतर सगळा चिखल इंजिनावर आणि ऑईल कूलरवर येतो आणि इंजिन तापतं.

सातपुड्यात दर महिन्याला जाणाऱ्याने नॉबी घ्यावेत. बाकीच्यांनी मध्यम नक्षी.

टायर कोणताही असो, आत ट्यूब आहे आणि बांधांवर वेडी बाभूळ आहे. तिचा काटा टायरमध्ये शिरला की बाहेरून दिसत नाही, टोक आत राहतं आणि नवी ट्यूब तासाभरात पुन्हा पंक्चर होते. ट्यूब बदलताना टायरच्या आतून जुनं फडकं सगळीकडून फिरवायचं. जिथे धागा अडकेल तिथे काटा. तो पकडीने ओढून काढल्याशिवाय ट्यूब आत घालू नका. सोबत २१ इंची ट्यूब ठेवा, अडचणीत ती मागच्या १७ इंची चाकातही घडी न पडू देता कशीबशी बसते आणि पंक्चरवाल्यापर्यंत पोहोचवते. स्पोकच्या रिमला आतून टेप लावून ट्यूबलेस करून देणारे आहेत. ट्यूबलेस रिमला टायरची कड धरून ठेवणारा उंचवटा असतो. तो नसेल तर हवा उतरल्यावर टायर रिमवरून सुटतो. मी ट्यूबच ठेवतो.

लाईट

रात्री चालवणाऱ्यांना जादा दिवे हवेतच. टेल लाईट नसलेली ट्रॉली हेडलाईटच्या उजेडात फार उशिरा दिसते. मूळ हेडलाईटला ६०/५५ वॉटचा एच-४ जातीचा बल्ब आहे. २० वॉटचे दोन दिवे घ्यावेत की ४० वॉटचे? ४० वॉटचे दोन म्हणजे १२ व्होल्टवर जवळजवळ ७ अँपिअर. बॅटरी फक्त ८ अँपिअर-अवरची आहे. इंजिन बंद ठेवून फोटोसाठी ते तासभर जळत ठेवले तर गाडी ढकलून स्टार्ट करायची तयारी ठेवा. २० वॉटच्या जोडीला ३.३ अँपिअर लागतात आणि घाटासाठी तेवढा उजेड पुरतो. पिवळे घ्या, धुळीत आणि पावसात डोळ्यांना सोपे जातात. रिले आणि फ्यूज असलेलं वेगळं वायरिंग करून घ्या. हेडलाईटच्या वायरला पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळलेली चालवून घेऊ नका. उन्हाने टेपचा गोंद सुटतो आणि जोड उघडा पडतो. समोरून वाहन आलं की जादा दिवे बंद करायचे.

बाकीचं थोडक्यात

मोठी विंडशील्ड हिवाळ्यात आणि हायवेवर सुखाची आहे. पण ४४-४५ अंशांत छातीवर येणारा वारा हाच काय तो आधार असतो. इथे वर्षभर मूळचीच ठेवा.

सीटसाठी रेडिमेड एअर कुशनपेक्षा गावातल्या कुशनवाल्याकडून फोम बदलून घेणं बरं. वर जाळीचं कव्हर टाका, रेक्झिन मे महिन्यात बसू देत नाही.

इंजिनखालची मूळची प्लेट पातळ आहे. दगडगोट्यांतून जाणार असाल तर जाडजूड, लांब प्लेट घ्या. क्रॅश गार्ड मात्र सगळ्यांनीच लावावा.

टाकीच्या बाजूला पेट्रोलचे कॅन लावायची इथे गरज नाही. टाकी १५ लिटरची आहे आणि शहादा-तळोद्याला ती भरून घेता येते. कॅन लावलेच तर त्यात पाणी भरा.

हँडल उंच करणारे रायझर लावल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून क्लच केबल आणि ब्रेकची नळी ताणली जात नाही ना ते बघा. आवाजाचा सायलेन्सर नकोच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही आणि सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं आहे.

मग सरळ ४५० का नको?

४५० ला ४० पीएस, सहा गिअर आणि १७ लिटरची टाकी आहे. हायवेवर ती फार पुढे आहे. दर आठवड्याला पुणे-मुंबई करायचं असेल तर जुन्या ४११ वर पैसे घालू नका, ४५० च घ्या. पण ८० च्या वेगात समाधान असेल आणि गाव-डोंगर हेच फिरणं असेल, तर ४११ चं एअर-ऑईल कूल्ड साधं इंजिन कुठेही खोलता येतं. रेडिएटर नाही, काट्यात अडकून फुटायची भीती नाही.

एका बाबतीत मात्र मी तडजोड करणार नाही. जुनी गाडी बघायला गेलात की सीट काढा, टॉर्च घेऊन जा आणि हँडलच्या दांड्यापासून मागपर्यंत चेसिसच्या सगळ्या जोडांवर उजेड टाका. नवा रंग, वेल्डिंगचा ताजा थर किंवा केसासारखी चीर दिसली, तर बाकी गाडी कितीही चकाचक असो, व्यवहार तिथेच सोडा. अशा चेसिसवर ना पेट्या लावायच्या ना बॅगा.