साठ लिटरची टाकी, सात-आठ महिन्यांनंतर: काम कोण करतं आणि मिरवतं कोण

माझ्या माशांच्या टाकीचा संच असा: ६० बाय ३० बाय ३६ सेंटिमीटरची काचेची टाकी, एअर पंपवर चालणारा दोन स्पंजांचा फिल्टर, ७५ वॅटचा हीटर, टायमरवर लावलेला एलईडी दिवा, तळाला बारीक वाळू आणि पाणी तपासायचं, थेंबांचं टेस्ट किट. सात-आठ महिने रोज वापरल्यावर माझं मत पक्कं झालंय. यातली दिसायला सगळ्यात कुरूप वस्तू, म्हणजे तो काळा स्पंज, टाकी चालवतो. आणि सगळ्यात कंटाळवाणी वस्तू, म्हणजे टेस्ट किट, टाकी खरंच चालली आहे का ते सांगतं. दिवा, मागचं चित्र, रंगीत गोटे यांचीच चर्चा जास्त होते, पण माशांना त्यांचं काही सोयरसुतक नसतं.

आधी टाकीबद्दल, थोडक्यात. मापं गुणली तर जेमतेम ६५ लिटर भरतात, म्हणून खोक्यावर ‘६० लिटर’. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी ५० लिटरच्या आसपासच उरतं. औषधाचा डोस काढताना हाच आकडा धरायचा, खोक्यावरचा नाही. भरलेल्या टाकीचं वजन ७५-८० किलोच्या घरात जातं, त्यामुळे खालचं टेबल दणकट आणि अगदी समतल हवं, मध्ये फोमची शीट हवी. काच आणि सिलिकॉनचे जोड अजून ठणठणीत आहेत. झाकणाला मात्र मागे मोठी फट आहे, तिथून बरंच पाणी उडून जातं. उडतं ते फक्त पाणी, क्षार आत राहतात. त्यामुळे कमी झालं तेवढं भरत राहणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे. पातळी भरून काढणं वेगळं, पाणी बदलणं वेगळं.

आता मुख्य मुद्दा. पाणी भरल्यावर जवळजवळ दीड महिना या टाकीत एकही मासा नव्हता. येणारा प्रत्येक जण विचारायचा, ‘‘मासे कुठे लपलेत?’’ मासे नव्हतेच, पण टाकी रिकामी नव्हती. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून, तसंच उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, तेही विषारी. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घालवतं, मग पाण्यात भरपूर ऑक्सिजन असूनही मासा धापा टाकतो. दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो, ते पाणी बदलून आटोक्यात ठेवता येतं. हे जिवाणू नव्या टाकीत नसल्यातच जमा असतात आणि वाढतात अगदी सावकाश. साध्या जिवाणूंची संख्या अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकते, यांना त्यासाठी अर्ध्या दिवसापासून दीड-दोन दिवस लागतात. म्हणूनच ‘चोवीस तास पाणी मुरू द्या आणि मासे सोडा’ हा सल्ला मला पटत नाही. त्या चोवीस तासांत फार तर क्लोरीन उडून जातं, आणि पाण्यात क्लोरामाइन असेल तर तेही जात नाही, त्यासाठी क्लोरीन मारणारं द्रावणच घालावं लागतं.

मी मासे न घालता सायकल, म्हणजे अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या या जिवाणूंची वसाहत वाढवण्याचं काम, पूर्ण केलं. सुगंध किंवा साबण नसलेलं अमोनियाचं द्रावण थेंबाथेंबाने घालून किटवर २ पीपीएम (दहा लाख भागांत दोन भाग) दिसेपर्यंत आणायचं, मग वाट बघायची. सुरुवातीला पाणी ताकासारखं पांढुरकं झालं. तो पाण्यात तरंगणाऱ्या वेगळ्याच जिवाणूंचा बहर असतो, आपोआप निवळतो, त्यासाठी पाणी उपसायची गरज नसते. अमोनिया तुलनेने लवकर उतरायला लागला. नायट्राइटने मात्र अंत पाहिला. किटच्या नळीतलं पाणी दिवसेंदिवस तेच जांभळं, म्हणजे नायट्राइट अजून आहेच. इथेच टेस्ट किटची किंमत कळते, कारण डोळ्यांना पाणी केव्हाच काचेसारखं स्वच्छ दिसत होतं. २ पीपीएम अमोनिया घातल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊ लागले, तेव्हा मोठा पाणीबदल करून साठलेलं नायट्रेट खाली आणलं आणि पहिले मासे सोडले.

पाण्यात बुडवून रंग बघायच्या पट्ट्यांऐवजी थेंबांचं किट घेतलं ते बरंच झालं. पट्टी सोयीची असते, पण तिच्यावरच्या दोन रंगछटांमधला फरक सांगणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे. शिवाय बऱ्याच पट्ट्यांवर अमोनियाचा चौकोनच नसतो. थेंबांच्या किटमध्ये एक खोच आहे: नायट्रेटच्या दुसऱ्या बाटलीत तळाशी थर बसतो, ती जोरजोरात हलवली नाही तर आकडा खोटाच कमी येतो. सूचनांमध्ये हे लिहिलेलं असतं, पण इतक्या बारीक अक्षरांत की भिंग लागावं. अमोनियाचा आकडा वाचताना पीएचही (पाणी किती आम्लधर्मी, ते) बघायचं. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी अर्धा टक्का किंवा थोडा जास्त भागच विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच भाग ५ टक्क्यांवर जातो. आकडा तोच आणि धोका दहापट.

आता स्पंज. एअर पंपची हवा मधल्या नळीतून वर चढते, तिच्याबरोबर पाणी ओढलं जातं आणि ते स्पंजातून गाळून येतं, एवढंच यंत्र. हलणारा भाग असा पंपातला रबरी पडदाच. जिवाणू पाण्यात फारसे नसतात, पृष्ठभागांना चिकटून राहतात, आणि स्पंजाच्या छिद्रांत पृष्ठभाग प्रचंड. एक गंमतीची माहिती: गोड्या पाण्याच्या टाक्यांत नायट्राइट फस्त करणारे जिवाणू पुस्तकात वाचलेले नायट्रोबॅक्टर नसून नायट्रोस्पिराच्या कुळातले असल्याचं संशोधन १९९८ मध्ये प्रसिद्ध झालं. २०१५ मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकट्याने उरकणारे नायट्रोस्पिराही सापडले. नाव काहीही असो, त्यांना पाहिजे चिकटायला जागा आणि वाहता ऑक्सिजन.

म्हणून स्पंज नळाखाली धरायचा नाही. पाणी बदलताना काढलेल्या टाकीच्याच पाण्यात दोन-चारदा पिळायचा, तोही एका वेळी एकच. काडतूस (गाळणीचा बदलायचा तुकडा) बदलायला लावणाऱ्या फिल्टरांवर माझा राग यासाठीच आहे: दर महिन्याला काडतूस फेकून द्या म्हणजे कष्टाने वाढवलेली वसाहतही फेकून द्या. स्पंज फाटेपर्यंत चालतो. तोटेही सांगतो. दिसायला वाईट, बुडबुड्यांचा आवाज सतत, आणि तरंगणारी बारीक घाण तो मोटरच्या फिल्टरइतकी उचलत नाही. आवाज कमी करायला पंपाखाली फोमचा तुकडा ठेवला आणि हवेच्या नळीवर छोटा नॉब लावला, आता निभतं. नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह मात्र हवाच, नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटं पंपात उतरू शकतं. वीज बराच वेळ गेली तर बॅटरीवरचा छोटा पंप त्याच नळीला जोडतो.

दोन स्पंजांचा खरा फायदा कळला तो माशांची दुसरी तुकडी आली तेव्हा. आधी एम्बर टेट्रांचा थवा सोडला होता, नंतर पिग्मी कोरीडोरस. तळाला गोटे न घालता वाळू घातली ती यांच्यासाठीच, कारण मिशांनी तळ चाचपत खाणाऱ्या माशांना धारदार खडी झेपत नाही. आणखी टेट्रा आणले तेव्हा ते थेट टाकीत न सोडता एका प्लॅस्टिकच्या टबात वेगळे ठेवले आणि मुरलेल्या दोन स्पंजांपैकी एक तिथे हलवला. टब पहिल्या दिवसापासून सायकल झालेला.

आणि त्याच टबात काही दिवसांनी पांढरे ठिपके दिसले, मीठ भुरभुरल्यासारखे. हा इक नावाचा रोग. त्याचा परजीवी कातडीखाली असेपर्यंत औषध त्याला शिवत नाही. तो गळून तळाशी जातो, तिथे त्याची शेकडो पिल्लं होतात, आणि नवा मासा शोधत पोहणाऱ्या पिल्लांनाच औषध लागू पडतं. म्हणून ठिपके गेले की औषध थांबवणं धोक्याचं. टबाचं तापमान हळूहळू २८ अंशांपर्यंत नेलं, कारण उबेत हे चक्र लवकर फिरतं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, म्हणून हवा वाढवली. शेवटचा ठिपका गेल्यावरही उपचार पुढे चालू ठेवले. मुख्य टाकीत एकही ठिपका आला नाही. तो स्पंज मात्र परत टाकीत घातला नाही, खडखडीत वाळवून ठेवला. वाळल्यावर हा परजीवी तगत नाही, आणि टाकीचं काम तोवर दुसऱ्या स्पंजाने निभावलं.

हीटरबद्दल तक्रार नाही, पण त्याच्या बटणावरचं २५ म्हणजे थर्मामीटरवरचं २४ निघालं, तेव्हा वेगळा थर्मामीटर घ्याच. पाणी काढण्याआधी हीटर बंद करून थोडा निवू द्यायचा, उघडा पडलेला गरम हीटर तडकतो.

दिव्याच्या खोक्यावर लिहिलंय त्यापेक्षा निम्म्या वेळेत काम भागतं. दिवसाला सहा-सात तास, त्याहून वाढवलं की काचेवर हिरवं शेवाळ. अनुबियास आणि जावा फर्न या पाणवनस्पती तेवढ्यावर मजेत वाढतात. फक्त त्यांचा आडवा कंद वाळूत पुरायचा नाही, कुजतो, दगडाला बांधायचा.

दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलतो. त्यात नायट्रेट २० पीपीएमच्या खाली राहतं. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढंच, आणि आठवड्यातून एक दिवस उपास.

अलीकडे पीएच किंचित खाली सरकतोय. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं, पाण्यातले कार्बोनेट ते शोषून घेत संपत जातात, आणि पीएच फार उतरला तर जिवाणूंचं कामही मंदावतं. किटमधल्या बाटल्या संपत आल्या आहेत. नवं किट घेताना त्यावरची तारीख बघणार आणि या वेळी केएच, म्हणजे पाण्यातले कार्बोनेट, मोजायची बाटलीही सोबत घेणार.