वारेतून आणि दुधातून: आईची प्रतिपिंडं बाळाला कशी मिळतात?

वार म्हणजे प्लासेंटा. तिच्यातून सगळी प्रतिपिंडं (अँटीबॉडीज, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं) जात नाहीत, त्यांच्यातला फक्त आयजीजी हा प्रकार जातो. वारेच्या पेशींतला एफसीआरएन हा ग्राही, म्हणजे ठरावीक रेणू पकडणारं प्रथिन, ती आईच्या रक्तातून पकडून बाळाच्या रक्तात सोडतो. ही वाहतूक चौथ्या महिन्याच्या सुमारास सुरू होते, पण खरा साठा शेवटच्या तीन महिन्यांत होतो. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात आयजीजी आईइतकी, कधी तिच्याहूनही जास्त असतात. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाच्या वाट्याला हे फार थोडं येतं, म्हणूनच त्याला जंतुसंसर्गापासून इतकं जपावं लागतं.

गरोदरपणी धनुर्वाताची लस देतात ती याच वाटेच्या भरवशावर. मात्र वार भलंबुरं पाहत नाही. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल आणि तिच्यात बाळाच्या तांबड्या पेशींविरुद्ध आयजीजी तयार झाली असतील, तर तीही पलीकडे जातात.

दुधाचं काम वेगळं. त्यात मुख्यतः आयजीए या दुसऱ्या प्रकारची प्रतिपिंडं असतात, चिकाच्या दुधात तर भरपूर. ती रक्तात जवळजवळ शिरत नाहीत. घसा आणि आतड्याच्या अस्तरावरच जंतूंना अडवतात. जुलाबांपासून बचाव होतो तो इथे.

वारेतून मिळालेली आयजीजी काही महिन्यांत ओसरतात. दूध पाजाल तोवर आयजीए मिळत राहतात. त्यामुळे ‘अंगावरचं दूध पितंय, मग गरोदरपणी लस कशाला?’ हा प्रश्न मला पटत नाही. धनुर्वाताचं विष रक्तातच अडवावं लागतं, आणि ते दुधाच्या आवाक्यातलं नाही.