लाडकी बहीण की संजय गांधी? विधवा बाईनं नाव कुठं ठेवावं

आमच्या शेजारच्या आक्का ६१ वर्षांच्या. साताऱ्याच्या पूर्वेकडचं दुष्काळी गाव, जमीन नावाला, ज्वारी काढणीला नाहीतर खुरपणीला रोजानं जायचं. दोन वर्षांपूर्वी मालक गेले. लाडकी बहिणीचे १,५०० रुपये येतात, त्यात मीठ-मिरची आणि गोळ्या भागतात. परवा कुणीतरी सांगितलं, तुम्ही तर संजय गांधी निराधार योजनेच्या पगाराला बसता. आक्का म्हणाल्या, "बाळा, दोन्हीकडं नाव घालूया की, दोन्हीकडनं येईल."

दोन्हीकडून येत नाही. सरकारच्या दुसऱ्या योजनेतून महिना १,५०० किंवा जास्त मिळत असतील, तर लाडकी बहिणीला ती बाई अपात्र ठरते. फेब्रुवारी २०२५ मध्ये पाच लाख बायकांची नावं कमी झाल्याचं सरकारनं जाहीर केलं, त्यातल्या २ लाख ३० हजार संजय गांधी योजनेच्या होत्या आणि १ लाख १० हजार पासष्टीच्या पुढच्या. म्हणजे एकच निवडायचं आहे. रक्कम सारखी, पण दोन्ही योजनांची जात वेगळी आहे.

लाडकी बहीण मिळवायला सोपी होती. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं, आणि पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही लागत नव्हता. पण अर्जाची वाढवलेली मुदत १५ ऑक्टोबर २०२४ ला संपली, त्यामुळं हा विचार मुख्यतः ज्यांचं नाव आधीच आहे त्यांच्यासाठी. शिवाय २०२५ मध्ये ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवणं, आली आणि तिथं नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला. ज्या बाईचे दोघंही गेलेत तिनं कुणाचा आकडा घालायचा? नंतर मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडं देण्याची सोय झाली, पण तोवर आमच्या गल्लीतल्या बायकांनी किती हेलपाटे घातले ते मी बघितलंय. ज्या बाईला आधार नाही तिलाच आधार मागणारी अट मुळात व्हायलाच नको होती.

आणि लाडकी बहीण ६५ ला थांबते. कष्टाचं काम हातातून सुटतं, नेमकं त्याच वयात.

संजय गांधी निराधार योजना उलटी आहे. आत शिरायला अवघड, पण पुढं टिकते. विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजारी, अशांसाठीच ती आहे, आणि पासष्टीनंतर नाव म्हाताऱ्या माणसांच्या श्रावणबाळ योजनेत वर्ग होतं, पगार चालू राहतो. मी आक्कांना हीच वाट सांगितली, ती एवढ्या एका कारणासाठी. ज्यांना ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व आहे त्यांना तर विचार करायचं कारणच नाही. दिव्यांगांचा पगार २०२५ मध्ये २,५०० केलाय आणि उत्पन्नाची मर्यादाही ५० हजार आहे.

बाकीच्यांना मात्र अडचण तिथंच आहे. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत पाहिजे. महिन्याला १,७५० झाले. वर्षातले तीन-चार महिने खुरपायला गेलेली बाईसुद्धा ह्याच्या पुढं जाते. ही मर्यादा वाढलीच पाहिजे, हे मी जिथं संधी मिळेल तिथं बोलतो. आक्कांचा मुलगा पुण्यात कामाला, बायकापोरांसह वेगळा राहतो, पण रेशन कार्डावर नाव अजून एकत्र. तलाठ्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला. खरोखर वेगळे राहत असाल तर आधी कार्ड विभक्त करून घ्या, मग उत्पन्नाच्या दाखल्याला जा. मुलाच्या पगारामुळं २१ हजारांत बसणारच नसाल, तर उगाच धडपडू नका, लाडकी बहीणच राहू द्या. तिथं कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुलं, लग्न झालेल्या मुलाची कमाई मोजत नाहीत.

अर्ज सेतूत किंवा तहसीलच्या संजय गांधी शाखेत. महाराष्ट्रात १५ वर्षं राहत असल्याचा पुरावा, वयाचा पुरावा, मालकांच्या मृत्यूचा दाखला, रेशन कार्ड, आधार, पासबुक. आक्का शाळेची पायरी चढलेल्या नाहीत, दाखला आणणार कुठला? मतदार यादीतलं वय चालतं, किंवा ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा वयाचा दाखला. पोच घेतल्याशिवाय उठू नका. मंजुरी तालुक्याच्या समितीत होते आणि बैठक कधी लागेल त्यावर सगळं अवलंबून असतं, महिने जातात. म्हणून अर्ज करताना लाडकी बहीण चालू आहे हे खरं सांगा, पण मंजुरीचं पत्र हातात पडेपर्यंत ती सोडू नका. तीही गेली नि हीही नाही, असं झालेली बाई मला माहीत आहे.

पैसे दोन्हीकडं आधारला जोडलेल्या खात्यातच येतात. पासबुक कुठलंही द्या, आधार ज्या बँकेला जोडलाय तिथंच जमा होतं. आक्कांचा आधार भलत्याच जुन्या खात्याला निघाला, चार महिन्यांचे हप्ते तिथं पडून होते. काढायला गेलो तर अंगठा उमटेना. आयुष्यभर विळा-खुरपं धरलेली बोटं, रेषा राहिल्यात कुठं? पदरानं पुसून, पाणी लावून, सहाव्या वेळी करंगळीशेजारचं बोट लागलं. आता एटीएम कार्ड काढून दिलंय.

संजय गांधीला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो चुकला की पगार थांबतो. एवढा एक व्याप जास्त, पण दाखला आणायला घरातलं कुणीतरी सोबत जाऊ शकतं.

आणि अर्ज भरण्याआधी मृत्यूच्या दाखल्यावरचं नाव रेशन कार्डावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. आक्कांचं काम सध्या एका वेलांटीपाशी अडलंय. दुरुस्तीचा अर्ज सोमवारी ग्रामपंचायतीत देतोय.