लिहायला कुठे जावं: माथेरान की मालगुंड?

अर्धवट राहिलेली कथा आहे, चार-पाच दिवसांची सुट्टी आहे आणि घरात दाराची बेल थांबत नाही. मुंबई-पुण्याकडच्या माणसापुढे अशा वेळी डोंगर की समुद्र, हा प्रश्न असतो. डोंगरासाठी मी माथेरान धरतो, समुद्रासाठी गणपतीपुळ्याला लागून असलेलं मालगुंड.

माथेरानात मोटारींना बंदी. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडायची, पुढे पायी, घोड्यावर किंवा अमन लॉजहून मिनी ट्रेननं. (अलीकडे ई-रिक्षाही आल्यात, पण चालतच जा.) हॉर्न बंद झाला की डोक्यातली वाक्यं ऐकू यायला लागतात. लाल मातीच्या वाटांवर दाट सावली असते, त्यामुळे दुपारीही भटकता येतं. माझं अडलेलं प्रकरण टेबलापेक्षा शार्लोट तलावाच्या वाटेवर जास्त वेळा सुटलंय.

अडचणी आहेत. शनिवार-रविवार तिथे जाऊच नका. माकडं खिडकीतून बिस्किटं पळवतात. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी ट्रेन बंद असते, धुक्यात दिवसभर काही दिसत नाही आणि वहीची पानं दमट होऊन शाई फुटते. त्याहून मोठी उणीव ही, की भेटतात ते बहुतेक पर्यटक किंवा त्यांची सरबराई करणारे. नवं पात्र सापडायला हे फार सोयीचं नाही. कथा डोक्यात तयार असेल आणि फक्त उतरवायची असेल, तर मात्र माथेरानला तोड नाही.

मालगुंड हे केशवसुतांचं जन्मगाव. कोकण मराठी साहित्य परिषदेनं तिथे त्यांचं स्मारक उभारलंय. ते जरूर पाहा, पण लिहायला बसण्याआधी नको. मराठी कवितेला नवं वळण देणाऱ्या माणसाच्या घरातून बाहेर पडल्यावर आपली ओळ उगाच फिकी वाटते. मला मालगुंड आवडतं ते गाव आपल्या कामात असतं म्हणून. घरगुती खानावळीत भात-आमटी जेवताना शेजारी कलमांना मोहर किती आला, कुणाच्या बांधावरून भांडण झालं, मुंबईचा भाऊ गणपतीला येणार की नाही, हे सगळं कानावर पडतं. संवाद लिहिणाऱ्याला आणखी काय हवं? समुद्राची गाज अखंड असते. पहिल्या रात्री ती झोपू देत नाही, नंतर बाकीचे आवाज तीच झाकून टाकते.

उकाडा मात्र जबर. एप्रिल-मेमध्ये दुपारी पंख्याखालीही हात वहीला चिकटतो. पहाट आणि संध्याकाळ एवढीच कामाची. शिवाय मुंबईहून रेल्वेनं रत्नागिरी, पुढे आरे-वारेच्या रस्त्यानं गाव, यात अख्खा दिवस जातो. तीन दिवसांसाठी हा खटाटोप करू नये.

कुणी पाचगणीजवळचं भिलार सुचवेल. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत पुस्तकं मांडलेली. म्हणूनच लिहायला नको: तुम्ही वाचतच बसाल.

तेव्हा हातात मसुदा असेल आणि सोमवार ते गुरुवार मोकळे असतील, तर माथेरान. पाटी कोरी असेल आणि आठवडा मिळत असेल, तर दिवाळीनंतर मालगुंड. फक्त खोली ठरवण्याआधी कॅलेंडरात अंगारकी कधी आहे ते बघा. त्या दिवशी गणपतीपुळ्याची गर्दी मालगुंडपर्यंत पोचते.