फेरो बेटांची गोंड्याची टोपी : एका गोलकीपरने सहा महिने वापरून

आधी किंमत सांगतो, म्हणजे ज्यांना तिथेच थांबायचंय ते थांबतील. ४५० डॅनिश क्रोनर, एका टोपीला. बायकोने मनातल्या मनात रुपये केले आणि दोन दिवस गप्प बसली. तिसऱ्या दिवशी टोपी नाकाजवळ नेऊन म्हणाली, "अहो, हे मेंढरू कशाला आणलं घरात?"

मी मूळचा कोल्हापूरचा. सध्या डेन्मार्कमध्ये ऑर्हूसला असतो आणि सत्तेचाळिसाव्या वर्षीही रविवारी ओल्ड बॉईजच्या, म्हणजे वय झालेल्यांच्या, फुटबॉल टीमचा गोल राखतो. टोपी घेतली गेल्या सप्टेंबरात, उत्तर अटलांटिकमधल्या, डेन्मार्कच्या अखत्यारीतल्या फेरो बेटांच्या राजधानीत, तोर्शाव्हनच्या बंदराजवळच्या एका लोकरीच्या दुकानात. पांढरीच हवी आणि वर गोंडा हवाच, असं सांगितल्यावर गल्ल्यावरच्या आजीबाई हसल्या. "गोलकीपर का?" मी मान हलवली. पुढे काही बोलावं लागलं नाही.

शाळेत असताना रद्दीच्या दुकानात एका इंग्रजी मासिकात फोटो पाहिला होता. गोलमध्ये एक माणूस उभा, डोक्यावर पांढरी लोकरीची टोपी, तिच्यावर गोंडा. हिवाळ्यात कडेवरच्या बाळाला घालतात तशी. मला वाटलं थट्टेचा फोटो असेल. तो फेरोच्या राष्ट्रीय संघाचा गोलकीपर येन्स मार्टिन क्नुडसेन होता. लहानपणी खेळताना डोक्याला जबर मार बसला, मग आईने "टोपी घालणार असशील तरच खेळ" असा दम भरला, अशी त्या टोपीची गोष्ट सांगतात. कुठलीही आई असंच म्हणेल, म्हणून मला ती पटते.

१२ सप्टेंबर १९९० ला त्याच टोपीत तो ऑस्ट्रियासमोर उभा राहिला. फेरोची सगळी वस्ती तेव्हा पन्नास हजारांच्या आत, आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. युरो, म्हणजे युरोपातल्या देशांच्या फुटबॉल स्पर्धेच्या, पात्रता फेरीतला हा त्यांचा पहिलाच सामना, आणि तो घरच्या मैदानावर नाहीच, कारण सामन्याला चालेल असं गवताचं मैदानच त्यांच्याकडे नव्हतं. 'होम मॅच' झाली स्वीडनमधल्या लान्सक्रोना गावात. समोरचा ऑस्ट्रिया त्याच उन्हाळ्यात इटलीत वर्ल्ड कप खेळून आलेला. इकडे क्नुडसेन मासळीच्या कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवायचा आणि टॉर्किल निल्सन लाकडाच्या धंद्यात. उत्तरार्धात निल्सनने गोल मारला आणि उरलेला वेळ टोपीवाल्याने काढला. १–०. ऑस्ट्रियाच्या प्रशिक्षकाला, योझेफ हिकर्सबर्गरना, पद सोडावं लागलं.

आता टोपीकडे येतो.

लोकर अस्सल आहे. फेरोत माणसांपेक्षा मेंढरं जास्त, आणि 'फेरोची लोकर हेच फेरोचं सोनं' अशी त्यांच्याकडे म्हण आहे. हात लावल्यावर मला थेट आमच्याकडची धनगरी घोंगडी आठवली. तोच खरखरीतपणा, पावसात तोच वास, फक्त चिंचोक्याच्या खळीचा ताठपणा नाही. लोकरीतलं तेल पुरतं काढलेलं नसतं, म्हणून रिमझिम पाऊस वरच्यावर ओघळून जातो. ऑर्हूसच्या नोव्हेंबरात समुद्रावरून वारा सुटतो तेव्हा सगळी टीम कान चोळत असते आणि मी निवांत असतो. या एका कामात मी हिला पैकीच्या पैकी मार्क देतो.

कपाळाला मात्र खाजते. पहिल्या महिन्यात तर असं वाटायचं की कॉर्नर येऊच नये, कारण दोन्ही हात खाजवण्यात गुंतलेले. आतून पातळ सुती पट्टी शिवून घेतली, तेव्हा सोसवत नव्हतं ते सोसवू लागलं. दुसरं, झेप घेतली की टोपी डोळ्यांवर येते. घेताना नेहमीच्या मापापेक्षा घट्ट घ्या. वापरून ती सैल होतेच. आणि वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, गार पाण्यात हातानेच धुवा. लेकाने आपली टोपी गरम पाण्यात फिरवली, ती आता नारळाला बसेल.

डोकं मात्र ही राखत नाही, हे स्वच्छ सांगतो. गोलपोस्टवर आपटलात तर लोकर काय करणार? २००६ मध्ये चेल्सीचा गोलकीपर पेतर चेक याची कवटी फुटली, त्यानंतर तो रग्बीवाल्यांचं पॅडचं शिरस्त्राण घालून खेळू लागला. खरं संरक्षण हवं असेल तर ते घ्या. रेफ्री अडवतील ही काळजी नको, गोलकीपरला टोपी घालायची मुभा नियमांतच आहे. आमच्या रेफ्रीने तपासली, गोंडा चिमटीत धरून पाहिला आणि शिट्टी वाजवली.

मला खटकतं ते वेगळंच. जो तो क्नुडसेनची टोपीच लक्षात ठेवतो. त्या पात्रता फेरीत फेरोने ८ सामन्यांत २६ गोल खाल्ले. एकट्या युगोस्लाव्हियाने एका सामन्यात ७ घातले. (गटात पहिला आलेला तोच युगोस्लाव्हिया पुढे बाद ठरवला गेला, त्याच्या जागी गेलेला डेन्मार्क १९९२ चा विजेता झाला. ऑफिसातल्या डेन लोकांना याची आठवण करून दिली की ते खूश होतात.) बेलफास्टला उत्तर आयर्लंडला १–१ रोखलं, तेवढाच विसावा. तरी हा माणूस १९८८ ते २००६ देशासाठी खेळत राहिला, ६५ सामने. मधे आइसलंडमधल्या लेइफ्तूर क्लबातही खेळला. सात गोल खाऊन पुढच्या सामन्याला पुन्हा त्याच दोन खांबांमध्ये जाऊन उभं राहायचं म्हणजे काय, ते एका रविवारी सहा खाल्लेल्या मला थोडंफार कळतं. सोमवारी मी आजारपणाची सुट्टी टाकली होती.

टोपी घेतल्यावर क्नुडसेनच्या रुनाविक गावालाही जाऊन आलो. समुद्राखालून ११ किलोमीटरचा बोगदा आहे, त्याच्या आत चक्क चौक, दिव्यांनी उजळलेला. पलीकडे निघालं की बंदर, बोटी आणि मासळीचा वास. टोपीच्या वासाची कुरकुर तिथे कोण करणार!

आता तक्रार. नोव्हेंबरातल्या सामन्यात क्रॉस आला, मी उडी मारून बॉल धरला. धरलेला बॉल छातीशी, आणि गोंडा मागे जाळ्यात. समोरच्या टीमने गोलसाठी अपील केलं. साडेचारशे क्रोनर घेऊन गोंडा एका दोऱ्यावर लटकवलेला, हे काही बरं नाही. दुकानाला मेल केला. पैसे परत नाहीत, बदली टोपी नाही. आठवड्याने पाकिटातून हातभर पांढरी लोकर आली आणि एक चिठ्ठी, चारी बाजूंनी टाके घाला म्हणून.

पाचपैकी साडेतीन. घेताना दुकानातच गोंडा ओढून पाहा.

माझा अजून ग्लोव्हजच्या पिशवीत आहे. ती लोकर घरातल्या कुठल्याच सुईत ओवली जात नाही, तिला गोणपाट शिवायचं दाभणच हवं. पुढच्या महिन्यात आई येतेय, तिला आणायला सांगितलंय.